वाफेचा जमाखर्च

आपल्या पाटबंधारे खात्याच्या जमाखर्चांत 'बाष्पीभवन-व्यय' नांवाचें एक सदर असतें. धरणांत इतकें पाणी आलें, इतकें पाटांनीं सोडलें, इतकें नळांवाटें शहरास दिलें आणि इतकें उडून गेलें; उडून गेलें तें बुडालें. धरणाच्या उघड्या पृष्ठभागापुरता हा हिशेब बरोबर आहे व त्याविषयीं माझी कांहीं तक्रार नाहीं. परंतु कांहीं शब्दांस आपली हद्द कळत नाहीं. हा 'व्यय' शब्द हळूहळू धरणाच्या भिंतीवरून उतरून काठच्या रानांत शिरला, आणि झाडानें पानांवाटें हवेंत सोडलेलें पाणीहि बुडीत खात्यांत जमा होऊं लागलें. तिकडे वनखात्याच्या दप्तरांत एक दुसरा शब्द मानानें नांदत आहे. तो म्हणजे 'भरपाई'. एका ठिकाणचें शंभर हेक्टर रान तोडावें, दुसऱ्या ठिकाणीं शंभर हेक्टर जमिनीवर रोपें लावावीं, कीं फिटंफाट झाली. एका खात्याच्या मतें झाडाची वाफ हा तोटा. दुसऱ्याच्या मतें झाड तें झाड, मग तें कोठेंहि उभें असो. वरकरणीं या दोन मतांत विरोध दिसतो. प्रत्यक्षांत तीं एकमेकांच्या हातांत हात घालून सह्याद्रीच्या मुळावर आलीं आहेत. या दोन्ही शब्दांविरुद्ध हा लेख आहे.

वाफ डोळ्यांस दिसत नाहीं म्हणून ती थोडी असावी, असा आपला समज असतो. तो प्रथम दूर केला पाहिजे. एक चौरस मीटर जमिनीवरून एक मिलिमीटर पाणी उडालें म्हणजे एक लिटर उडालें. सदाहरित अरण्य दिवसाकांठीं सरासरीनें तीन-चार मिलिमीटर पाणी हवेंत सोडतें. एकराचा हिशेब केला तर तें रोजचें बारा ते सोळा हजार लिटर होतें. उन्हाळ्यांत आमच्या खेड्यांच्या वेशींत जे टँकर उभे राहतात त्यांत बहुधा दहा-बारा हजार लिटर पाणी मावतें. म्हणजे असें अरण्य एकरीं रोज एक भरलेला टँकर आकाशांत रवाना करीत असतें, आणि त्यासाठीं तें ना तेल मागतें, ना निविदा. एक लिटर गार पाणी चुलीवर उकळी येईपर्यंत तापविण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या सात-आठपट उष्णता तेंच पाणी वाफ होऊन जातांना आपल्याबरोबर नेतें. रान तोडलें म्हणजे ही उष्णता नेणारा कोणी उरत नाहीं. सूर्य तर नेहमींप्रमाणें उगवतोच. मग ती उष्णता माती तापविते, मातीवरची हवा तापविते. उघडा पडलेला डोंगर एकाच वेळीं कोरडाहि होतो व तापतोहि, याचें मूळ येथें आहे.

पृथ्वीवरील सर्व भूभागाचा एकत्र विचार केला तर जमिनीवर पडणाऱ्या पावसाचा सुमारें तीन-पंचमांश भाग पुन्हां हवेंत जातो आणि उरलेला नद्यांवाटें समुद्रास मिळतो. या वाफेंतील मोठा वाटा पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून निघतो; ओल्या मातीचा व डबक्यांचा वाटा त्या मानानें लहान. आणि जमिनीवर जो पाऊस पडतो त्यापैकीं सुमारें दोन-पंचमांश पाऊस जमिनीवरूनच उठलेल्या वाफेचा असतो. समुद्रानें एकदां दिलेलें पाणी जमीन पुन्हां पुन्हां वापरते, आणि तें पुढच्या मुक्कामास पोंचविण्याचें काम मुख्यतः झाडें करतात. ब्राझिलच्या एनेयास सलाती या शास्त्रज्ञानें १९७९ सालीं पावसाच्या पाण्यांतील प्राणवायूच्या हलक्या व जड अणूंचें प्रमाण मोजून अमेझॉनच्या अरण्यांत हें प्रथम दाखवून दिलें. अटलांटिक महासागरावरून निघालेलें पाणी आंतल्या प्रदेशांत पोंचेपर्यंत वाटेंत अनेकदां पडतें व अनेकदां उठतें. ज्यास आपले हिशेबनीस व्यय म्हणतात, तें त्या खंडांतील पाण्याच्या प्रवासाचें पुढचें पाऊल असतें.

शेतहि वाफ सोडतें, मग रानाचेंच एवढें कौतुक कां, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर जमिनीखालीं आहे. ज्वारी-बाजरीचीं मुळें वरच्या थरांतील ओलीवर जगतात. पीक कापलें, वरची माती वाळली, कीं त्या शेताची वाफ जवळजवळ थांबते. रानांतील जुन्या वृक्षांचीं मुळें पुष्कळ खोल, कित्येकदां दोन-तीन पुरुष खालीं गेलेलीं असतात. आषाढ-श्रावणांत मुरलेलें पाणी हा वृक्ष चैत्र-वैशाखांत वर काढतो. सह्याद्रीच्या माथ्यावर कार्तिकानंतर पांच-सहा महिने पावसाचा थेंब नसतांहि सदाहरित रान हिरवें राहतें याचें इंगित हेंच. उसाचें शेतहि उन्हाळ्यांत भरपूर वाफ सोडतें हें खरें. परंतु तो ऊस धरणांतलें किंवा विहिरींतलें पाणी उधार घेऊन ती सोडतो. महाराष्ट्रांत लागवडीच्या जमिनीच्या एका लहानशा तुकड्यावर उभें असलेलें हें पीक सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग घेतें, हें सर्वश्रुत आहे. रान आपल्याच कोठारांतलें खातें. दोघांस एका पंक्तीस बसविणें हा न्याय नव्हे.

आतां प्रतिपक्षाचा मुख्य आक्षेप पाहूं. स्थापत्यशास्त्रज्ञ म्हणतात, "रान पाणी आणीत नाहीं, रान पाणी पितें." हा आक्षेप थट्टेवारीं नेण्यासारखा नाहीं, आणि वृक्षारोपणाच्या सभांत टाळ्या घेणाऱ्या वक्त्यांनीं तो कधीं नीट ऐकूनच घेतला नाहीं हा त्यांचा दोष आहे. १९८२ सालीं बॉश व ह्यूलेट या दोघां शास्त्रज्ञांनीं जगभरांतील ९४ लहान पाणलोटांवर झालेल्या प्रयोगांचा एकत्र विचार केला. रान तोडलें कीं ओढ्याचें वार्षिक पाणी वाढतें, रान वाढविलें कीं तें घटतें, असाच त्यांचा निष्कर्ष निघाला. आणि सूचिपर्णी वृक्ष व नीलगिरी यांच्या बाबतींत हा फरक सर्वांत मोठा होता. आपल्याकडेहि उटकमंडजवळ गवताळ पाणलोटावर नीलगिरीचीं झाडें लावून पाहिलीं, तेव्हां पहिल्या दहा वर्षांतच ओढ्याचें पाणी सुमारें सोळा टक्क्यांनीं घटलें. तेव्हां 'झाडें लावा, झरे वाहतील' हें वाक्य आमच्या जितक्या शाळांच्या भिंतींवर रंगविलें आहे, तितक्या भिंतींवर एक अर्धसत्य लिहिलें आहे, असेंच म्हणावें लागतें.

परंतु उरलेलें अर्धें सत्य स्थापत्यशास्त्रज्ञांच्याहि पदरांत नाहीं. वर्षाचें पाणी वाढलें हें ठीक; तें कोणत्या महिन्यांत वाढलें? डोंगर उघडा झाल्यावर वाढलेलें पाणी बहुतेक पावसाळ्यांतच, गढूळ लोंढ्यांच्या रूपानें येतें, व माती घेऊन जातें. ज्या वैशाखांत हंडाभर पाण्यासाठीं बायका दोन कोस चालतात, त्या वैशाखांत तें येईलच असें नाहीं. उत्तर कानडा जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्यांतील कारवारच्या डोंगरांत, संशोधकांनीं नैसर्गिक रान, गुरांनीं व कुऱ्हाडीनें झिजविलेलें रान आणि अकेशियाची लागवड अशा तीन प्रकारच्या जमिनी शेजारीं-शेजारीं तपासल्या. नैसर्गिक रानाच्या मातींत पाणी सर्वांत सहज मुरतें व त्या मानानें थोडें वाहून जातें, असें त्यांस आढळलें. याचा अर्थ असा कीं रान एका हातानें पितें व दुसऱ्या हातानें सांठवितें. कोणता हात मोठा, हें पावसावर, मातीवर, खडकावर आणि झाडाच्या जातीवर अवलंबून असतें. ओसाड झालेल्या डोंगरावर नुसतीं झाडें उभीं केल्यानें पिणारें तोंड ताबडतोब मिळतें. मुरविणारी माती तयार होण्यास कित्येक दशकें जावीं लागतात.

शिवाय प्यायलेलें पाणी गेलें कोठें, हा प्रश्न राहतोच. हे सारे प्रयोग कांहीं हेक्टरांच्या ओढ्यांवर झालेले आहेत. ओढ्याच्या तोंडाशीं मोजणीचें यंत्र बसविलें म्हणजे तेथून वाहिलेलें पाणी मोजतां येतें; वर गेलेली वाफ शंभर कोसांवर कोणाच्या शेतांत पडली, हें त्या यंत्रास कसें दिसावें? घरांतून बाहेर गेलेला प्रत्येक पैसा उधळला, असें म्हणणाऱ्या गृहस्थाचा हा हिशेब आहे. त्यांतला कांहीं पैसा मुलाच्या शिक्षणास गेला असेल, हें त्याच्या वहींत येत नाहीं.

हा वाद कांहीं नवा नव्हे. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ सालीं मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. कोंकणांतील डोंगर उघडे पडल्यानें झरे आटत चालले, अशी तक्रार ते त्या काळांत करीत होते. पुढें गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे नामांकित गणिती हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख झाले. त्यांनीं १९१० सालीं पावसाचे जुने आंकडे तपासून, जंगलतोडीमुळें पाऊस घटल्याचा पुरावा मिळत नाहीं, असा निर्णय दिला. वॉकर हे असामान्य बुद्धीचे होते, व त्यांच्या हातीं असलेल्या साधनांनीं दुसरा निर्णय देणें त्यांस शक्यहि नव्हतें. गांवोगांवच्या पर्जन्यमापकांत पडलेलें पाणी समुद्राचें कीं रानाचें, हें पर्जन्यमापक सांगत नाहीं. आणि आपल्याकडे मोसमी पाऊस एका वर्षीं इतका व दुसऱ्या वर्षीं तितका पडतो, कीं त्या चढउतारांत रानाचा वाटा बुडून जातो. परंतु 'पुरावा मिळत नाहीं' हें वॉकर यांचें सावध वाक्य पुढच्या पिढ्यांनीं 'संबंध नाहीं' असें वाचलें, आणि आमच्या पाठ्यपुस्तकांतून व सरकारी अहवालांतून तें शंभर वर्षें रुळलें. शास्त्रज्ञाच्या संशयाचा अधिकाऱ्याच्या हातीं असा सिद्धांत होतो, हें इतर विषयांतहि अनेकदां घडलें आहे.

वॉकर यांना जें मोजतां आलें नाहीं तें आज मोजतां येतें. वाऱ्याचा मार्ग दिवसागणिक मागें शोधीत जाऊन तो कोणत्या भूमीवरून आला हें काढतां येतें. २०१२ सालीं इंग्लंडांतील संशोधकांनीं अशा रीतीनें उष्ण कटिबंधाचा अभ्यास केला. तेथील निम्म्याहून बऱ्याच अधिक भूभागावर, दाट झाडीवरून आलेली हवा विरळ झाडीवरून आलेल्या हवेपेक्षां निदान दुप्पट पाऊस देते, असें त्यांस दिसलें. आपल्या मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें यासंबंधीं जें काम झालें तें तर प्रत्येक सुशिक्षित मराठी कुटुंबास ठाऊक असावयास हवें होतें. २०१६ सालीं तेथील संशोधकांनीं दाखविलें कीं हिंदुस्थानांतील झाडीच्या जागीं शेती आल्यानें जमिनीची वाफ घटते, व त्यामुळें मोसमी पावसास उतार पडतो. २०१८ सालीं त्यांनीं सह्याद्रीच्या रानांचा पुढें माग काढला. नैर्ऋत्य मोसमी वारे घाट ओलांडून पूर्वेकडे जातात. त्या चार महिन्यांत तामिळनाडूंत जो पाऊस पडतो, त्यांतील सुमारें चौथ्या हिश्शापासून दोन-पंचमांशापर्यंतचें पाणी सह्याद्रीच्या झाडीनें हवेंत सोडलेलें असतें. तामिळनाडूचा मोठा पाऊस ईशान्येकडून शरदांत येतो, हें मी विसरलेलों नाहीं. परंतु त्या प्रांताच्या नैर्ऋत्य पावसाचा एवढा भाग आपल्या डोंगरांवरील पानांतून जातो, ही गोष्ट लहान नव्हे.

त्या संशोधनांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच्यापुढें आहे. ज्या वर्षीं मोसमी पाऊस तुटीचा असतो, त्या वर्षीं हा वाटा कमी होत नाहीं. वाढतो, व निम्म्याच्या घरांत जातो. समुद्राकडून येणारें पाणी आटलें तरी रान आपल्या खोल कोठारांतून वाफ देतच राहतें. पावसानें मध्येंच दडी मारली असतांहि तसेंच. घरांतील वडील माणूस जसें सुगींत बोलत नाहीं, आणि दुष्काळांत मात्र कोपऱ्यांतली कणगी उघडून दाखवितें, तसें हें आहे. ही झाडी सारी काढून टाकली तर काय होईल, याचें गणित त्याच संशोधकांनीं केलें. तामिळनाडूचा मोसमी पाऊस सुमारें चौथाईनें घटेल असें त्यांतून निघालें.

याच तामिळनाडूनें कावेरीच्या पाण्यासाठीं किती वर्षें भांडण केलें तें आठवावें. १९९० सालीं लवाद नेमला गेला, २००७ सालीं त्याचा निवाडा आला, २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूचा वाटा ४०४.२५ अब्ज घनफूट ठरविला. दशांशचिन्हापुढचे दोन आंकडेहि सोडले नाहींत. या पाण्यापायीं बसगाड्या जळल्या, शहरें बंद पडलीं. आणि त्याच सह्याद्रीवरून, त्याच दिशेनें, डोक्यावरून जें पाणी त्या प्रांतांत जातें, त्यासाठीं लवाद नाहीं, वकील नाहीं, फिर्यादहि नाहीं. नदी अडविणाऱ्यास शेजारी प्रांत न्यायालयांत खेंचतो. वाफ अडविणाऱ्यास तो ओळखतहि नाहीं. महाराष्ट्रांत, गोव्यांत किंवा कर्नाटकांत घाटमाथ्यावरचें रान खाणीसाठीं अथवा रस्त्यासाठीं तोडतांना, त्या कागदावर तामिळनाडूच्या शेतकऱ्याचें नांव कोठेंहि येत नाहीं.

आतां हवामानाच्या लहरीपणाचें पाहूं, कारण येथेंहि एक सोयीस्कर समजूत पसरली आहे. हवा तापत आहे, तेव्हां वाफ वाढेल, वाफ वाढली म्हणजे पाऊस वाढेल. मग रानावांचून काय अडलें? हवेचें तापमान एका अंशानें वाढलें तर तिची वाफ धरण्याची शक्ति सुमारें सात टक्क्यांनीं वाढते, एवढें यांत खरें आहे. परंतु तहान वाढणें आणि पाणी मिळणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. आमच्या वेधशाळांच्या आवारांत चार फूट व्यासाचें एक पत्र्याचें पात्र ठेवलेलें असतें. पक्ष्यांनीं पाणी पिऊं नये म्हणून त्यावर जाळी बसविलेली असते, आणि रोज किती पाणी उडालें तें मोजून लिहितात. १९६१ ते १९९२ या काळांत हवा तापत असतांना हिंदुस्थानांतील या पात्रांचें बाष्पीभवन घटत गेलें, हें १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानें पुढें आणलें, व अनेक पंडित बुचकळ्यांत पडले. वारा मंदावणें, धुरकट हवेनें ऊन अडविणें, हवेंतील ओल वाढणें, अशीं कारणें दिलीं जातात. मला यांतून एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, पात्र हवेची तहान सांगतें, जमिनीनें प्रत्यक्ष किती दिलें हें सांगत नाहीं. पात्रास पाणी रोज माणूस घालतो. जमिनीस तें कोण घालणार?

जमिनीचा खरा हिशेब २०१० सालीं प्रसिद्ध झाला. जगांतील भूभागावरून उठणारी वाफ १९८२ पासून १९९७ पर्यंत वाढत गेली, आणि १९९८ च्या एल निनोनंतर दहा वर्षें ती वाढ थबकली. हवेची मागणी थांबली नव्हती. मातींतली ओल पुरी पडेना. ही टंचाई मुख्यतः दक्षिण गोलार्धांत, आफ्रिकेंत व ऑस्ट्रेलियांत दिसली, तरी तींतला नियम सर्वत्र सारखाच आहे. हवा जितकी तापेल व पाऊस जितका लहरी होईल, तितकें वरच्या ओलीवर जगणारें शिवार लवकर कोरडें पडेल, आणि खोल मुळांच्या रानाचें मोल तितकें वाढेल. मध्य हिंदुस्थानांत १९५० ते २०१५ या काळांत विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले, असें पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंतील संशोधनांतून दिसून आलें आहे. आणि मधल्या उघडिपीनें पिकें करपण्याचे प्रसंगहि आपण पाहतोंच. एका दिवसांत पडलेलें पाणी मुरवून ठेवावें व पुढच्या महिन्यांत तें हवेस द्यावें, हेंच तर रानाचें काम. पाऊस बेभरंवशाचा होत असतांना नेमकें हें कोठार मोडावयास काढणें, यास कोणत्या अर्थशास्त्रांत शहाणपण म्हणतात तें एकदां समजून घ्यावेसें वाटतें.

यावर तयार असलेलें उत्तर म्हणजे 'भरपाई'. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें दोन कोटि झाडांचा संकल्प सोडला; २०१७ सालीं चार कोटि, २०१८ सालीं तेरा कोटि व २०१९ सालीं तेहतीस कोटि, अशी ती संख्या चढत गेली. तेहतीस कोटींचा आंकडा आमच्या मनास लगेच पटतो, याचें कारण शास्त्रांत नसून पुराणांत आहे. संख्या मोठी असण्यास माझी हरकत नाहीं. हरकत जागेस आहे. रोपें लावण्यास रिकामी जमीन हवी, आणि आमच्या दप्तरांत रिकामी म्हणजे माळरान. पुणें, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या बाजूंचीं माळरानें म्हणजे नासलेलीं जंगलें, अशी इंग्रजी अमलांतील समजूत आम्ही अजून जपून ठेवली आहे. २०२५ सालीं कांहीं संशोधकांनीं जुने मराठी ग्रंथ व लोकगीतें यांतील झाडाझुडपांचे उल्लेख तपासले, आणि निदान साडेसातशें वर्षांपासून हा मुलूख असाच गवताचा व विरळ काटेरी झाडांचा आहे, असें दाखविलें. आपलें प्राचीन वाङ्मय असल्या कामास उपयोगी पडेल, हें आम्हां वाङ्मयाच्या अध्यापकांच्या ध्यानांत आलें नाहीं. तें निसर्गाच्या अभ्यासकांनीं दाखवावें लागलें.

माळाचें गवत पावसाळ्यांत चार महिने वाफ सोडतें व मार्गशीर्षांत वाळून निजतें. मातींत उरलेलें पाणी त्याच्याकडून खर्च होत नाहीं. अशा माळावर खड्डे खणून गिरिपुष्प किंवा नीलगिरी उभी केली, कीं उन्हाळ्यांतहि पाणी ओढणारीं मुळें तेथें येतात. ज्या प्रदेशांतून २०१६ च्या एप्रिलांत लातूरसारख्या शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तो प्रदेश याच पठाराचा पुढचा भाग आहे. म्हणजे भरपाई कशी होते पाहा. घाटमाथ्यावर, जेथें तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो व वाफ सोडणें हेंच हिताचें, तेथील वाफ आम्ही बंद करतों. आणि पर्जन्यछायेंत, जेथें पांचशें मिलिमीटर पडण्याची मारामार व जमिनींतील ओल राखणें हिताचें, तेथें ती चालूं करतों. दोन्ही टोंकांस तोटा करून मधल्या रकान्यांत हेक्टरास हेक्टर बरोबर जुळविल्याचें समाधान मात्र मिळतें.

हें कोणास अतिशयोक्त वाटत असेल तर त्यानें ग्रेट निकोबारचें प्रकरण पाहावें. त्या बेटावर बंदर, विमानतळ व नगर वसविण्यासाठीं सुमारें १३० चौरस किलोमीटर अरण्य वळविण्यास २०२२ सालीं तत्त्वतः मंजुरी मिळाली. विषुववृत्ताजवळचें, बारमाही वाफ सोडणारें, अंगावर पाऊस झेलून पुन्हां समुद्रावर सोडणारें तें सदाहरित अरण्य. त्याची भरपाई कोठें करावयाची ठरली? हरियाणांत! बंगालच्या उपसागरांतील ढगांचें देणें अरवलीच्या पायथ्याशीं फेडावयाचें. ज्या नियमाखालीं हें घडतें त्यांत जमिनीचें क्षेत्र आहे, रोपांची संख्या आहे, रुपये आहेत. वारा कोणत्या दिशेनें वाहतो एवढीच गोष्ट त्यांत नाहीं. वनसर्वेक्षणाची व्याख्याहि याच जातीची आहे. एक हेक्टर किंवा अधिक जागेवर झाडांची सावली दहा टक्के पडली कीं तें वनाच्छादन. मग खालीं शेकडों वर्षांचें अरण्य असो, आंब्याची कलमी बाग असो कीं नीलगिरीच्या रांगा असोत. या व्याख्येनें देशांतील वनाच्छादन घटल्याचें सहसा दिसत नाहीं, कारण तसें दिसावें अशी तिची रचनाच नाहीं.

विकास थांबवावयाचा काय, हा शेवटचा प्रश्न. तो विचारणाऱ्यांचा माझ्यावर राग असण्याचें कारण नाहीं. मीहि घाटांतून झालेल्या रस्त्यानेंच प्रवास करतों, व कोयनेच्या विजेवर माझ्या घरांत दिवा लागतो. परंतु विकास म्हणणाऱ्यांनीं निदान खर्चाची बाजू पुरी मांडावी. सह्याद्रीचा कोणता भाग राखावा याविषयीं माधव गाडगीळ यांच्या समितीनें २०११ सालीं अहवाल दिला, कस्तुरीरंगन यांच्या समितीनें २०१३ सालीं दुसरा दिला, आणि त्यानंतर केंद्र सरकारनें अधिसूचनेचे मसुद्यांवर मसुदे काढले. २०२४ च्या जुलैंत निघाला तो सहावा. या काळांत घाटमाथ्याच्या प्रांतांनीं आपापल्या हद्दींतील किती गांवें त्यांतून वगळावीं याविषयीं पुष्कळ पत्रव्यवहार केला. त्या राखीव क्षेत्राच्या यादींत तामिळनाडूचीहि गांवें आहेत, आणि तामिळनाडूनेंहि आपल्या गांवांपुरतेंच पाहिलें. ज्या रानावर आपला पाऊस अंशतः अवलंबून आहे तें शेजाऱ्यांच्या हद्दींत राखलें जावें, अशी मागणी करण्याचा अधिकार त्याला होता. तो त्यानें बजावला नाहीं.

माझी मागणी फार मोठी नाहीं. घाटावरील कोणतेंहि रान तोडण्याच्या अर्जास एक कोष्टक जोडावें. हें रान वर्षाच्या कोणत्या महिन्यांत किती वाफ सोडतें; त्या महिन्यांत वारा कोणीकडे वाहतो; ती वाफ कोणत्या जिल्ह्यांत पाऊस होऊन पडते; आणि भरपाई म्हणून सुचविलेली जागा त्याच वाऱ्याच्या वाटेवर आहे कीं नाहीं. त्या खालच्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याची सही घेतल्याशिवाय अर्ज पुढें जाऊं नये. हें कोष्टक भरण्यास लागणारें शास्त्र मुंबईंत पवईस व पुण्यांत पाषाण रस्त्यावर तयार आहे. अर्ज मंजूर करणाऱ्या कचेऱ्यांपासून तें फार दूर नाहीं.